चोवीस बोल्टांची विहीर

आमचा लिओ भांडत नाही. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, मी एकटीच भांडतेय. समोरच्याने दोन शब्द उलट टाकले तर भांडणाला काही चव येते. हा माणूस चष्मा काढतो, बनियनला पुसतो आणि म्हणतो, "बरं, बघू या." बघू या म्हणजे काय, हे मला आता पाठ झालंय. म्हणजे तो ते करणारच, फक्त आवाज न करता.

वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कारखाना बंद पडला त्या दिवशी बाकीचे गेटवर रडत उभे होते. हा आपले पाने रुमालात गुंडाळून घरी आला, जेवला आणि शेजारणीचा गळका नळ बसवायला गेला. तेव्हापासून आमच्या वाडीत काही कुरकुरलं, गळलं, अडकलं की एकच हाक, "लिओ अंकल!" वाडी म्हणजे वर्तकनगरच्या मागची आमची पंचवीस-तीस कॅथलिक घरं, एक क्रूस, एक विहीर आणि चारही बाजूंनी उभे राहिलेले टॉवर.

गेल्या डिसेंबरात आमच्या निकोलचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, ब्रँडन. पोरगा गुणाचा आहे. मासे खात नाही, पण सगळंच एका माणसात कुठून मिळणार?

आता विहिरीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, विहिरीला पानसुपारी ठेवतात, गाणं म्हणतात आणि घडे भरून आणतात. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. बाकी लग्न चर्चमध्ये, पण या पाण्याशिवाय आमच्या बायकांना मुलगी सासरी धाडल्यासारखं वाटतच नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी विहिरीत एक वासरू पडलं. वासरू वाचलं, पण पुढच्याच आठवड्यात मुन्सिपाल्टीची माणसं आली आणि विहिरीवर लोखंडी जाळी ठोकून गेली. चोवीस बोल्ट. चांगलंच केलं म्हणा, वाडीत लहान पोरं आहेत. पण त्यानंतरच्या लग्नांत काय चाललं होतं? विहिरीशेजारी निळा प्लास्टिकचा ड्रम ठेवायचा, नळाच्या पाइपाने भरायचा, वर झेंडूचा हार घालायचा आणि त्यातून घडे भरायचे. ड्रमाला हार! मी या डोळ्यांनी बघितलंय.

सगळे मुकाट्याने भरत होते. एकटी इझाबाय अडून बसली. इझाबाय म्हणजे लिओची मोठी बहीण इझाबेल, एक्क्याऐंशी वर्षांची, मुलाकडे, केनेथकडे ठाकुर्लीला राहते. वाडीतल्या प्रत्येक लग्नाला विहिरीवरचं गाणं तिचंच. ते पूर्ण येणारी ती शेवटची. ड्रम आला त्या दिवशी तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

आमची निकोल म्हणाली, "ममा, डीजे नको, ती फुलांची कमानपण नको. मला इझाबायचं गाणं पाहिजे."

मी ठाकुर्लीला गेले. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. इझाबाय पापड वाळत घालत होती, मान वर न करता म्हणाली, "इहीर उघडा, येतंय. ड्रमाच्या म्होरं मी गानार नाय."

घरी येऊन मी आदळआपट केली. लिओने चष्मा पुसला.

"बरं, बघू या."

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला. चार खेपा झाल्या, पण परवानगी आणली पठ्ठ्याने. शनिवारी चार ते सात जाळी उघडायची, ऑफिसचे चांगदेवभाऊ समोर उभे राहणार, आणि ते निघायच्या आत चोवीसच्या चोवीस बोल्ट परत जागेवर. जबाबदारी लिओची.

मग तो पाना घेऊन एक बोल्ट फिरवून बघायला गेला. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून अर्धा तास लटकला तेव्हा एक निघाला. गंज नुसता! रात्री त्याचा उजवा हात तोंडापर्यंत जाईना, मी भाताचा घास भरवला. मी म्हटलं, "सोड आता. ड्रम तर ड्रम." मला वाटलं, झालं. कसलं झालं!

सोमवारी म्हणाला, "ठाण्यात जाऊन येऊ." मला ब्लाउज आणायचे होते म्हणून मी गेले. तर हा मला घेऊन शिरला स्टेशनजवळच्या हत्यारांच्या दुकानात. खिशातून तो गंजका बोल्ट काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "असे तेवीस आहेत. वायर पोहोचत नाही तिथे."

दुकानदाराने बॅटरीवर चालणारी मशिनं मांडली. मला वाटलं, हा ताकद विचारेल. याने मशीन बाजूला सारलं आणि बॅटरीच हातात घेतली. ही त्या दुसऱ्या मशीनला बसते का? नुसती बॅटरी वेगळी मिळते का? चार्ज किती वेळात होते? पाच वर्षांनी मिळेल का? पाऊण तास! पोरीसाठी मुलगा बघताना एवढे प्रश्न विचारले नव्हते त्याने. शेवटी घेतला एक मोठा खोका. त्यात एक ड्रिल, एक बोल्ट खोलायचं मशीन, दोन बॅटऱ्या आणि चार्जर. लग्नघरात साड्यांच्या पिशव्यांशेजारी हा काळा खोका येऊन बसला. माझं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

बरं, आणलंय तर बोल्ट खोल. तर नाही! साहेबांना बॅटरीचंच वेड लागलं. "लुर्दस, एवढी ताकद नुसती पडून राहणार. तीन तासांचं काम झालं की हिने काय करायचं?" एका जुन्या डब्याचं झाकण कापून त्याने बॅटरी बसेल अशी खाच केली, दोन वायरी काढल्या, मध्ये नखाएवढी सर्किटची पट्टी लावली. ओटीवरचा छोटा पंखा त्यावर चालला. मांडवाच्या दिव्यांची माळ चालली. केनेथचा स्पीकर वर्षभर मेलेला, भंगारात निघालेला, तोही माइकसकट बोलायला लागला. बॅटरी तीच, याच्यातून काढायची, त्याच्यात घालायची. वाडीतली पोरं रांग लावून बघायला.

मी म्हटलं, "उद्या माझ्या पाठीलाही लाव एक."

"तुला नको," तो म्हणाला, "तू आपोआप चालतेस."

तेहेतीस वर्षांत त्याने मारलेला हा तिसरा विनोद असेल.

शनिवार उजाडला. लिओने दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या. एक मशीनला लावली, दुसरी बिस्किटाच्या डब्यात घालून कपाटावर ठेवली आणि मला बजावलं, "हिला हात लावू नको. गंज किती बॅटरी खाईल सांगता येत नाही."

दुपारी तीनला रिक्षातून इझाबाय उतरली. लाल लुगडं, केसांत अबोली. मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. तिला खुर्चीवर बसवलं, तिने "कशी हायस गो?" विचारलं, आणि मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. आवाजच उरला नव्हता तिचा, ठाकुर्लीच्या शांत घरात ते कळलंच नव्हतं. शेजारी बसून मला जेमतेम ऐकू येत होतं. अंगणात दीडशे माणसं, बाहेर बँडवाले. हिचं गाणं कोणाला ऐकू जाणार?

केनेथ म्हणाला, "आंटी, माइक आहे ना. फक्त बॅटरी द्या."

आणि मी दिली. हो, मीच दिली. कपाटावरचा डबा काढला आणि बॅटरी केनेथच्या हातात ठेवली. लिओ तेव्हा विहिरीवर होता. मी मनात म्हटलं, एकच तर गाणं आहे, आणि हा नेहमी हातचं राखूनच हिशेब करतो, पहिली पुरेल.

चारला मशीन सुरू झालं. काय तो आवाज, टर्र टर्र टर्र, टॉवरच्या खिडक्यांत माणसं आली. बोल्ट निघाला की पोरं, आधी निघालेला एक धरून, ओरडून मोजत होती. आठ... बारा... पंधरा... काही काही बोल्ट तर पाच-पाच मिनिटं हलत नव्हते, लिओ तेल सोडायचा, थांबायचा, परत लावायचा. चांगदेवभाऊ फुगे खात उभे होते. आमचे फुगे म्हणजे तळलेले पाव असतात हो, हवेचे नाहीत. इकडे केनेथने वेळ जायला म्हणून स्पीकरवर गाणी लावली होती. एकोणीसवर मशीन घुर्र झालं आणि बसलं.

सहा वाजायला आले होते. लिओ शांतपणे म्हणाला, "लुर्दस, डबा आण."

मी नुसतं स्पीकरकडे बोट दाखवलं.

त्याने स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याने चष्मा काढला, पुसला. पहिली बॅटरी परत चार्ज व्हायला तास लागला असता, आणि पाइप घालून पाच बोल्ट काढायला तो खांदा उरला नव्हता. स्पीकरमधली बॅटरी काढली तर विहीर उघडणार होती, पण इझाबायच्या हातातला माइक बंद. नाही काढली तर आवाज मिळणार, विहीर बंद. आणि विहीर बंद तर ती गाणारच नव्हती. केलं होतं मी, निस्तरायचंही मीच होतं.

मी इझाबायसमोर खाली बसले, सगळं सांगितलं, रडकुंडीला येऊन.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "येडी का काय तू? माइक तुमी आनला. मी कवा मागितला?" तिने माइक माझ्या मांडीवर टाकला. "जा, इहीर उघड."

स्पीकरवरचं गाणं अर्ध्यात तुटलं. बॅटरी मशीनला लागली आणि पाच बोल्ट दहा मिनिटांत निघाले. आठ जणांनी मिळून जाळी सरकवली. आत काळे गुळगुळीत दगड, भिंतीतून फुटलेली नेच्याची पानं, खाली पाणी, आणि वर आलेला तो गार ओला वास. ज्या बायका इथे नांदायला येऊन म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्या सगळ्या नुसत्या वाकून बघत राहिल्या.

इझाबायने खुर्चीवरूनच सुरुवात केली. ओठ हलत होते, बस. मागून कोणीतरी म्हणालं, "आवाज येत नाही." निकोल माझा हात घट्ट धरून उभी होती.

मग इझाबाय उठली. काठी केनेथकडे दिली आणि विहिरीच्या कट्ट्याशी गेली. लिओने तिला दोन्ही हातांनी कमरेला धरलं. तिने वाकून आतच तोंड केलं आणि विहिरीलाच गाणं सांगायला लागली. या गाण्यात नवरीचं नाव घेतात, कोणाची कोण ते सांगतात, आणि पाणी मागतात.

"निकोल माझ्या लिओची पोर, पानी दे गो बाय..."

तो एवढासा आवाज खाली गेला आणि भरून वर आला. निकोल, म्हणाली विहीर. लिओची पोर, म्हणाली. टॉवरच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसांनीसुद्धा ऐकलं. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. मी लोकांसमोर हमसून हमसून रडले, मला काही लाज वाटली नाही.

घडे भरले, निकोलचे पाच. जाळी नंतर परत बसली, चोवीसच्या चोवीस बोल्ट, चांगदेवभाऊंनी स्वतः हात लावून मोजले, सगळं वेळेत झालं. पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं.

पाचवा घडा वर आला तशी गर्दीतून आमच्या शेजारची रोवेना पुढे आली. तीन वर्षांपूर्वी लग्न झालेली, कडेवर मुलगा. म्हणाली, "इझाबाय, माझं नाव घे ना. माझ्या वेळी ड्रम होता."

इझाबायने मान वळवली. "कोनाची गो तू?" दमली होती, पण विचारायची रीत विचारलीच. रोवेनाने बापाचं नाव सांगितलं. इझाबाय परत वाकली आणि विहीर म्हणाली, रोवेना.

मग एकेक करत ड्रमाच्या वेळच्या सगळ्याच आल्या. एकीची आई मोबाइल विहिरीवर धरून उभी राहिली, मुलगी दुबईहून बघत होती. लिओ तिथेच, बहिणीला धरून. त्याचा तो दुखरा खांदा थरथरत होता, पण त्याने वेळ झाली म्हणून कोणाला सांगितलं नाही. चांगदेवभाऊ मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि परत विहिरीकडे बघायचे.

मी घड्यातलं ओंजळभर पाणी घेऊन रोवेनाच्या डोक्यावर घातलं. पोराच्याही डोक्यावर चार थेंब पडले, ते खिदळलं. रोवेनाने ओले केस मागे सारले, नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आंटी, आता झालं माझं लग्न."