बातमीत हरवलेली मुलगी

बाबांच्या गुडघ्यानं दोन वर्षं छळल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना रोज वीस मिनिटं उलटं चालायला सांगितलं. बाबा रेल्वेत गार्ड होते. म्हणाले, "त्यात काय? नोकरीभर शेवटच्या डब्यातून मागं पडणारे रूळच बघितलेत मी."

तारनाक्याच्या आमच्या घरापासून विद्यापीठाचा रस्ता जवळ. सकाळी सहाला आम्ही दोघं निघायचो. बाबा मागं मागं पावलं टाकायचे आणि मी त्यांच्याकडे तोंड करून चार हात अंतर ठेवून चालायची. त्यांच्या पाठीमागचा रस्ता मला दिसायचा. "डावीकडे खड्डा आहे. थांबा, कुत्रं झोपलंय." माझं काम एवढंच.

कुणीतरी बाबांचा व्हिडिओ काढला. त्यात मी आलेच नव्हते. मोबाइलवरच्या एका बातम्यांच्या चॅनेलनं तो दाखवला आणि सांगितलं, पोटची मुलगी घर सोडून गेल्यापासून हा म्हातारा उलटा चालतोय. ती परत येईपर्यंत सरळ चालणार नाही, अशी त्याची शपथ आहे.

दुसऱ्याच दिवशी नांदेडहून मामाचा फोन. "काय गं, बापाला टाकून कुठं गेलीस?"

"मामा, मी आत्ता त्यांना चहा देतेय."

"मग बातमीत कसं आलं?"

रस्त्यात एका अनोळखी बाईनं बाबांच्या हातात दोन केळी ठेवली आणि हळूच विचारलं, "मिली क्या बेटी?" बाबा खो खो हसले. मला हसू येईना. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आले, त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून मी या घरात आहे. सोडून गेलेली कसली, मी तर परत आलेली मुलगी.

तिसऱ्या दिवशी मी फिरायला गेले नाही. बाबा एकटे गेले आणि विजेच्या खांबावर पाठ आपटून घेऊन आले. पाठ चोळत म्हणाले, "साडी बदल. त्या बातमीवाल्याकडे जायचंय."

चॅनेलचं ऑफिस बरकतपुऱ्यात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. आत एकटा संपादक, तिशीतला. बाबांना बघून उठून उभा राहिला.

"अंकल, आप तो फेमस हो गए! कित्ते लोगां देखे!"

"लोगां देखे, तुम देखे क्या?" बाबांनी मला पुढं केलं. "ये मेरी बेटी. तुम जिसकू भगा दिए."

तो पुटपुटला, "घुटने के दर्द की न्यूज कौन देखता, अंकल?"

"कल छे बजे आओ. मेरे संग उल्टा चलो. फिर बोलो, न्यूज है के नै."

मला वाटलं, येत नाही. पण आला, मोबाइल हातात धरून, थेट प्रक्षेपण चालू करून. बाबांच्या शेजारी तोही उलटा चालू लागला. दहा पावलं ऐटीत टाकली, अकराव्याला मी तेलुगूत ओरडले, "आगंडी!" तो जागच्या जागी थांबला. वळून बघितलं, तर टाचेमागं वीतभर अंतरावर झाकण नसलेलं गटार.

त्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला आणि तेलुगूत म्हणाला, "ही त्यांची मुलगी. ही कुठंही गेलेली नाही. आम्ही चुकीचं सांगितलं, माफ करा." मग मला विचारलं, "अम्मा, कुछ बोलते?"

"हो," मी मराठीतच म्हटलं. "मामा, बघून घ्या."

ही बातमी पहिलीइतकी चालली नाही. पण आसपासचे दुखरे गुडघे तिनं गोळा केले. त्या रविवारी अकरा जण आले. त्यांत एक निवृत्त प्राध्यापिका, दोन तेलुगू आजोबा, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आणि काठी बगलेत धरलेले एक हाजीसाहेब. सगळे एका ओळीत, पाठमोरे. मधोमध बाबा, ताठ मानेनं. त्यांच्यासमोर मी, तीन भाषांत: "उजवीकडे! काकू, उजवीकडे! चाचा, आहिस्ता! आगंडी, आगंडी, बस येतेय!"

मला इतक्या मोठ्यानं ओरडता येतं, हे मलाच माहीत नव्हतं.