ताईच्या शाळेसाठी मांडलेला सोहळा

पन्नाशी उलटली, चष्मा लागला, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. शिक्षण बेताचं; पण हातात कात्री धरली आणि त्या कात्रीच्या जोरावर स्वतःचं पार्लर उभं केलं. थोरली बहीण, म्हणजे ताई, अगदी दुसऱ्या टोकाची. तिने जुन्या पद्धतीची एक लहानशी शाळा काढली होती. तिथे दोन प्राचीन भाषा, व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व शिकवत. मुलांनी आधी नीट विचार करायला शिकावं, हा तिचा हट्ट. धाकटी चेष्टा करायची, "मेलेल्या माणसांशी बोलून काय मिळतं गं तुला?"

शाळेचे वर्ग ज्या वाचनालयात भरत, त्याचं छप्पर एका बाजूने खचलं. शाळेच्या मंडळींनी ठरवलं, गावातल्या लोकांना जेवायला बोलवायचं, मुलांची भाषणं ठेवायची आणि देणग्या गोळा करायच्या. ताईने हात टेकले.

"मला शिकवता येतं. मागायला गेले की तोंडच उघडत नाही."

"मग मी बघते," धाकटी म्हणाली.

"तू?"

"का? लांब केस कापायला बायकांना राजी करते मी. याहून अवघड काय असणार?"

एकदा पदर खोचला की धाकटी मागे बघत नसे. अडचण निघाली ती मुलांची. वर्गात चुरुचुरु बोलणारी मुलं परक्या माणसांपुढे शब्द गिळायची. धाकटीने त्यांना गिऱ्हाइकांपुढे बोलायच्या सरावाला सरळ पार्लरमध्ये बोलावलं. डोक्याला रंग लावलेली बाई उठून जाणार कुठे?

पहिल्याच दुपारी एका मुलीने विषय काढला, कायदा मोडणं कधी योग्य ठरतं का? खुर्चीत बसलेल्या पोस्टातल्या बाई आधी हसल्या, मग चिडल्या, मग असा काही वाद घालू लागल्या की रंग धुवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. केस वांग्यासारखे जांभळे झाले. तरी बाई पुढच्या आठवड्यात हजर.

"त्या पोरीला म्हणावं, मला उत्तर सापडलंय."

ऐकता ऐकता धाकटीच्याही अंगात ते मुरलं. शाम्पूवाला भाव वाढवायला आला तेव्हा ती म्हणाली, "तुमचं पहिलं म्हणणं खरं धरलं, तरी दुसरं त्यातून निघतं कुठे?" तो बिचारा जुन्याच भावात माल ठेवून गेला. त्यानंतर तिने ताईची चेष्टा केली नाही.

सोहळ्याच्या संध्याकाळी शाळेचा हॉल भरला. पार्लरच्या गिऱ्हाइकांनी नवऱ्यांना ओढून आणलं होतं. सगळ्यात मोठे पाहुणे म्हणजे फरशीच्या कारखान्याचे मालक. भाषणांआधी त्यांनी दोघी बहिणींना बाजूला घेतलं.

"छप्पर सगळं मी घालून देतो. फक्त त्या जुन्या भाषा आणि वादविवाद बंद करा. त्याऐवजी विक्री शिकवा. मला माणसं लागतात."

ताई थकली होती. खचलेल्या छपराखाली तिने बरेच दिवस जीव मुठीत धरून वर्ग घेतले होते. "विचार करायला हरकत नाही," ती हळूच म्हणाली.

"हरकत आहे," धाकटी म्हणाली. "साहेब, तुमचा हेतू चांगला आहे. पण छपराखाली जे चालतं तेच बंद करायचं, तर छप्पर हवंय कुणाला?"

मालक रागावले नाहीत. शांतपणे हात जोडले आणि काही न देता निघून गेले. ताईचा मात्र तोल गेला.

"वेड लागलंय का तुला? आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"या सगळ्यांच्या. नाही म्हणायचं काम मी केलं. मागायचं काम तुझं. चल, ऊठ."

तिने ताईला दंडाला धरून मंचापाशी नेलं.  ताईने खडू उचलला आणि हात आपोआप मंचावरच्या फळ्याकडे गेला.

"मला मागता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून शिकवते. विधान पहिलं. ही मुलं विचार करायला शिकली, हे तुम्ही आत्ता ऐकाल. विधान दुसरं. पडक्या छपराखाली शाळा चालत नाही. निष्कर्ष तुम्ही काढा."

"पैसे काढा!" पोस्टातल्या बाई मागून ओरडल्या, आणि हॉल हसून कोसळायचा बाकी राहिला.

मुलं खणखणीत बोलली. जेवणानंतर ताई स्वतः प्रत्येक टेबलापाशी गेली. थोडंथोडं करत खचलेली बाजू दुरुस्त होण्याइतकं जमलं. उरलेल्या गळक्या छपरावर ताडपत्री टाकावी लागली. ताई काही दिवस फुरंगटून होती. मग एका सकाळी पार्लरमध्ये आली आणि खुर्चीत बसली.

"केस काप. आणि उरलेल्या छपरासाठी पुढच्या सोहळ्याची तारीख आजच ठरवू. या खेपेला पहिल्या दिवसापासून मी मागणार."

धाकटीने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि कॅलेंडर खाली उतरवलं.