दत्तूच्या शेजारची खाट

गावात उतारू आणणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं शाळेच्या दारातूनच हाक मारली, "मास्तर, सांगलीहून निरोप हाय. तुमचा दत्तू..." त्या निरोपाला आता दीड महिना होईल.

दत्तू इस्लामपूरचा. मला मित्र असा तो एकच. लढाईत जखमी जवानांची मलमपट्टी करणाऱ्या तुकडीत होता. तिथून धडधाकट परतला आणि घरच्याच उसाच्या गाडीखाली पाय सापडून मोडला. सांगलीच्या इस्पितळात ऑपरेशन चांगलं झालं. मी रजा टाकून त्याच्याजवळ राहिलो.

शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळचे एक म्हातारे होते. पाठीच्या जखमांतून पू वाहायचा, सोबतीला कुणी नाही. मी त्यांना कुशीवर वळवायचो, पाणी पाजायचो. दत्तू म्हणायचा, "म्हाताऱ्याचं कर गड्या, पर माझ्याकडं येण्याआधी साबणानं हात धू. गोळीपरास ह्या पुवानं मेलेली लय माणसं बघितल्यात मी."

मी धुवायचो. एका दुपारी मात्र तो कळ येऊन ओरडला आणि मी म्हाताऱ्यांना सोडून तसाच धावलो. त्याची सरकलेली पट्टी नीट केली... हात धुतले नव्हते, हे त्याच्या नजरेवरून कळलं.

तीन दिवसांनी ताप चढला, जखम पिकली. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, हे साऱ्या वॉर्डात आहे. आमच्याही हातांवर असेल. कुणामुळे झालं, कसं सांगू?" पुण्याहून पेनिसिलीन आलं तोवर विष रक्तात भिनलं होतं. माझी रजा संपली, तेव्हा दत्तूच म्हणाला, "जा रं, पोरं वाट बघत असतील." मी गेलो.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या आईला भेटलो. तिला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ती इस्पितळात येऊ शकली नव्हती. माझे हात चाचपून हातात घेत ती म्हणाली, "तुमी हुता म्हणून बरं झालं, मास्तर. ह्या हातांनी त्याचं केलंसा." मी हात सोडवून घेऊ शकलो नाही.

जे तिथं बोलवलं नाही, ते इथं लिहिलं आहे. रोज सकाळी पायरीवर बसून दत्तू आईला पेपर वाचून दाखवायचा. पेपर अजून येतो, घडी न मोडता पडून राहतो. हे त्याच पेपरात छापून आलं की मी तिकडे जाणार आहे, आणि एकही ओळ न गाळता तिला वाचून दाखवणार आहे.