मोटारीच्या खोलीत शिजलेलं कवचबीज

जे बायकोला सांगायचं ते मी शेजारच्या तात्यांना सांगितलं. चूक ती एवढीच. बाकीची सगळी त्या चुकीची पिलावळ.

मी बारामतीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि सांगवीला आमच्या वस्तीवर राहतो. पोरं पुण्यात नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि दावणीला दोन गाई. दहावीच्या पोरांना प्रजननाचा धडा मी दरवर्षी न अडखळता शिकवतो. खिदळणाऱ्याला उभं करून पुन्हा वाचायला लावतो. पण बावन्नाव्या वर्षी माझंच अंग ऐनवेळी कच खाऊ लागलं, तेव्हा त्या विषयावर माझ्या तोंडून शब्द फुटेना. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो. कंबर दुखते म्हणालो. बायकोनं तेल कोमट करून कंबर चोळून दिली. न दुखणारी कंबर चोळून घेत मी कण्हतसुद्धा होतो. अभिनय चांगला होता.

औषध आणायला मुद्दाम इंदापूरला गेलो, बारामतीत निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलेलं म्हणून. काष्ठौषधीच्या दुकानात गर्दी ओसरायची वाट बघितली आणि गल्ल्यावरच्या मिशाळ माणसाला हळूच म्हणालो, "सफेद मुसळी आहे का? अश्वगंधा पण द्या."

"आहे की सर. कुणाला पाहिजे?"

'सर' ऐकलं आणि मी त्याच्याकडे नीट बघितलं. मनातल्या मनात मिशा काढून बघितल्यावर तो मागच्या बाकावरचा एक जुना विद्यार्थी निघाला.

"वडिलांना," मी म्हणालो.

त्यानं हातात घेतलेला मुसळीचा डबा परत ठेवला. मग अगदी आदरानं म्हणाला, "सर, मी आलो होतो की आबांच्या दहाव्याला."

मी अर्धा किलो सुंठ घेतली आणि परत आलो.

मग राहिले तात्या. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आहे आणि मुलाचा ट्रॅक्टर. पण झाडपाल्याची ओळख तात्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. बांधावर बसून मी सगळं सांगितलं. एका मित्राची अडचण आहे, असं सुरू केलं होतं. तिसऱ्या वाक्याला मित्र गळून पडला.

"मुसळी-बिसळी बड्या लोकांचं खूळ," तात्या म्हणाले. "आपल्या वढ्याला कुयली हाय की. तिचं बी घ्यायचं, कवचबीज. आमचा बा मेंढा सुस्तावला की त्येला द्यायचा."

"गुण यायचा?"

"मेंढ्याला कुठं लाज असती, मास्तर? त्यो लगीच कळपात शिरायचा. तुमचं काय व्हईल ते सांगता येत न्हाय."

बी दुधात शिजवायचं, वरची साल सोलायची, वाळवून पूड करायची, तुपात परतायची आणि खडीसाखर घालून दुधातून घ्यायची. सकाळ-संध्याकाळ. एवढं सगळं घरात करायचं म्हणजे बायकोला सांगणं आलं. म्हणून मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी एक छोटी शेगडी मांडली.

खाजकुयलीच्या शेंगेवर सोनेरी लव असते. ती अंगाला लागली की माणूस कातडं ओरबाडून काढतो. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे. तरी वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून शेंगा तोडल्या. दहा मिनिटांत मी ओढ्यात लोळत होतो. तात्यांनी शेण आणलं आणि मला ढोपरापासून मानेपर्यंत सारवून काढलं. "गप उभं ऱ्हावा. भित्ताड हलत न्हाय सारवताना." खाज थांबली. अंघोळ करून, खांद्यावरच्या टॉवेलनं अंग पुसून मी घरी गेलो आणि टॉवेल दोरीवर टाकला.

संध्याकाळी बायकोनं त्याच टॉवेलनं तोंड-मान पुसली.

दोन दिवस तिची मान लालबुंद होती. झोपेतसुद्धा नखं चालत होती. "कशाचं काय चावलं कुणास ठाऊक," म्हणायची. मला ठाऊक होतं. शेण लाव एवढं म्हटलं तरी पुरलं असतं, पण मग कशानं झालं ते सांगावं लागलं असतं. मी तिला ॲलर्जी म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि एक गोळी आणून दिली. ही गोष्ट लोकांना सांगताना मी तात्यांच्या सारवण्यापर्यंतच सांगतो. तिथं लोक हसतात. तिथून पुढचं प्रथमच लिहितोय.

तीन महिने औषध चाललं. तहान लागायची, तोंड वाळायचं, सारखं लघवीला जावं लागायचं. तात्या म्हणाले, "उष्णता भाईर पडतीया. लागू पडलं." मी खडीसाखर वाढवली. आधी पुरता गुण येऊ दे, मगच तिच्याकडे वळू, असं ठरवून भिंतीकडेच झोपत राहिलो. जिच्यासाठी औषध घेत होतो तिच्याकडे पाठ करून औषध घेतलं.

तिला मात्र दिसत होतं. संध्याकाळचं दूध डेअरीला मी घालायचो आणि वाटेत लिटरभर मोटारीच्या खोलीत उतरवायचो. धार काढणाऱ्या हाताला लिटर कळतो. एकदा डेअरीची पावती बघून तिनं विचारलं, "वाटंत गाय आटली का वो?" मी म्हणालो, थंडीनं असेल. दुसऱ्यांदा विचारलं, "रोज दिवेलागणीला रानात काय काम असतं?" मी म्हणालो, पिकाला पाणी पाजायला, दारं धरायला जातो.

"ठिबक केल्याला पाच वरसं झाली. दारं कसली धरता?"

मी व्हॉल्व्हबद्दल काहीतरी बोललो.

एका दुपारी मी शाळेत असताना ती विहिरीवर गेली. शेगडी होती, पातेलं होतं, तुपाची बरणी, खडीसाखर, जायफळ. आणि दोन पेले. दुसऱ्या पेल्यातनं तात्या चहा घ्यायचे, पण पेल्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. डब्यातली पूड तिनं ओळखली, बाई शेतकऱ्याच्या घरची आहे. वर्षभर नवरा आपल्याला हात लावत नाही आणि मोटारीच्या खोलीत ताकदीचं औषध शिजवून दोन पेल्यांत दूध पितो. तिनं काय समजायचं?

घरी आलो तेव्हा भाकरी झाकून ठेवलेल्या होत्या, गाईंना वैरण घातलेली होती आणि ती नव्हती. नरसिंहपूरहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, ताई हितं हाय. का आली ते तिनं सांगितलंय. आता तुमी येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो. पत्र्याच्या पडवीत सासरे आणि मेहुणा बसले होते. सासऱ्यांना कमी ऐकू येतं. ती आतल्या दारात घेवडा मोडत होती, माझ्याकडे न बघता. मी म्हणालो, "बाई-बिई कोणी नाही. तात्या होते. ते औषध माझ्यासाठी होतं."

"कशापायी?" मेहुण्यानं विचारलं.

"मला जमत नाही."

"काय जमत न्हाय? रान?"

"रान नाही."

मेहुण्याला उमगायला जरा वेळ लागला. मी आलो तेव्हा मला हाणायच्या तयारीत असलेला तो माणूस लाल होऊन उठला आणि चप्पल शोधू लागला. "म्हशीस्नी पाणी दावून येतो," म्हणाला. म्हशी नुकत्याच नदीवरून पिऊन आल्या होत्या, मी येताना बघितल्या होत्या.

"काय म्हणत्यात पावणं?" सासऱ्यांनी विचारलं.

मग ती दारातून बोलली. "तात्यांस्नी कवापासनं ठावं हाय?"

"दिवाळीपासून."

"आन माझ्या मानंला उठलं व्हतं, त्ये?"

"कुयलीची लव. टॉवेलला लागलेली."

घेवड्याची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "मी इकडं केस रंगवत व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, आपलंच वय दिसाय लागलं."

ती आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. सुटलो, असं मला वाटलं. हीही चूकच. "डाक्टरकडं जायचं," एवढंच म्हणाली.

बारामतीत डॉक्टरांनी तहानेचं विचारलं, लघवीचं विचारलं, रक्त तपासलं आणि साखर निघाली. बरीच जुनी आणि बरीच वाढलेली. त्या अडचणीचं मूळ बहुधा तिथंच होतं. रोजच्या दूध-खडीसाखरेचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा त्रास किती दिवसांपासून?"

"असेल दोन-चार महिने," मी म्हणालो.

"चौदा," ती म्हणाली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

परत येताना ती गाडीवर मागे बसली, मध्ये पिशवी ठेवून. कारखान्याच्या ट्रॉल्यांमागे आम्ही हळूहळू चाललो होतो. मला शांतता सोसत नाही, काहीतरी विनोद करावासा वाटतो. वस्तीच्या वळणावर मी मान वळवून म्हणालो, "चला, बाई नव्हती एवढं तरी डॉक्टरांनी सिद्ध केलं."

अंगणात गाडी थांबली, ती उतरली, पिशवी काखेत धरली आणि गाईंकडे निघता निघता म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं. तुमाला बाईमाणसाशी बोलता येतं, एवढं तरी कळलं असतं मला."