तीन ते चारचे डीजेचाचा

"लिहून द्या, ताई. लिहिलेलं बरं असतं."

पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की स्टुडिओत चपला घालून येऊ नका. तेवढ्यासाठीही त्यांनी खिशातून छोटी वही काढून माझ्यापुढे धरली. आता तुम्हीच सांगा, चपलांबद्दल लेखी कोण मागतं? मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मिरजोळ्याच्या रस्त्यावर आमचं छोटं रेडिओ केंद्र आहे आणि तिथले कार्यक्रम माझ्याकडे असतात. दूधवाल्याने न सांगता पावशेर जास्त घातलं, तरी मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. अशा बाईच्या वाट्याला ते आले.

सगळे त्यांना डीजेचाचाच म्हणत. सत्तरीच्या आसपासचे, पांढरी दाढी आणि अंगात चमकदार निळं जाकीट. राजिवड्याला बहिणीकडे राहत. उमेदीची वर्षं मुंबईच्या हॉटेलांत आणि मग आखातातल्या क्लबांत लोकांना नाचवण्यात गेली, पुढे तिथल्याच एका रेडिओवर गाणी लावली, असं ते सांगत. आमच्या केंद्राच्या साहेबांनी त्यांना दुपारी तीन ते चारचा तास दिला. परदेशात, बोटीवर असलेल्या माणसांसाठी घरच्यांनी गाणी सुचवायची आणि चाचांनी ती लावायची.

आखाताची गोष्ट मला काही पटली नव्हती. म्हणून त्यांनी एक जुना फोटो आणून दाखवला. त्यात धूर, रंगीत दिवे आणि यंत्रांमागे एक जाकीट. चेहरा दिसतच नव्हता.

"हे तुम्हीच कशावरून?" मी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडे नीट बघत राहिले आणि मग हसले. "जाकीट ओळखा ना, ताई."

काम मात्र त्यांचं बघत राहावं असं. एक गाणं संपता संपता दुसरं त्याच ठेक्यात असं आणून मिसळत, की सांधा कुठे आहे ते मला कधी सापडलं नाही. मी शोधायची, हे खरं. पण हेडफोन ते कानावर घालत नसत. त्याची एक बाजू कानामागच्या हाडावर दाबून धरत आणि डोळे मिटून घेत. मला ते शुद्ध नाटक वाटायचं.

संशय वाढतच गेले. फोन वाजला तरी ते उचलत नसत. कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, तर त्याला 'लिहून पाठवा' असा निरोप जायचा. आमचा शिपाई लांज्याकडचा, फार सोशिक माणूस. तोही एकदा वैतागला. "मॅडम, चा आनलाय म्हनून तीनदा सांगितलं. चाचांनी मान पन वर केलीन नाय." मी ठरवून टाकलं, की हा माणूस गर्विष्ठ आहे आणि शिवाय लोकांच्या फर्माइशी मनानेच रचतो. सगळं एका कागदावर क्रमाने लिहिलं आणि एका सोमवारी सकाळी साहेबांच्या हातात दिलं.

त्याच दुपारी अंजनवेलच्या एका आईची चिठ्ठी होती. मुलगा बोटीवर कामाला, आज त्याचा वाढदिवस, तो तिकडे मोबाईलवर ऐकणार आहे. चाचांनी चिठ्ठी फार सुरेख वाचली. "बेटा, आई इथे रेडिओजवळ बसलीय," असं म्हणून त्यांनी गाणं सुरू केलं.

माझ्या टेबलावरच्या रेडिओतून काहीच आलं नाही.

थोडी वाट पाहिली आणि मी धावले. काचेपलीकडे चाचा डोळे मिटून, हेडफोन हाडावर दाबून, ठेक्यात मान हलवत होते. गाणं आधी हेडफोनमध्ये तपासायचं आणि मग मिक्सरवरची पट्टी वर सरकवून लोकांसाठी सोडायचं, ही या कामातली पहिली गोष्ट. पट्टी खालीच राहिली होती. गाणं फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये वाजत होतं. धड कानांच्या माणसाला खोलीतला स्पीकर गप्प आहे, हे लगेच कळलं असतं.

मी आत जाऊन पट्टी वर केली. त्यांनी डोळे उघडले, माझ्या बोटांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किती वेळ गेला?"

मी दोन मिनिटांची दोन बोटं दाखवली.

"उजवा कान केव्हाच गेला, ताई. डावापण आता जातोय. सगळा जन्म त्या स्पीकरांसमोर उभा राहिलो ना. हाडातून ठेका तेवढा कळतो." मग त्यांनी हात जोडले. "साहेबांना सांगू नका. घरी मी कोपऱ्यात बसलेला म्हातारा असतो. हा एकच तास माझा आहे."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तशीच साहेबांकडे गेले आणि कागद परत मागितला. त्यांनी तो वाचला होता.

"फोन घेत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत, सगळं लेखी मागतात. अहो, यांना ऐकू येत नाही, असंच तुम्ही लिहून दिलंय की! तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी पुष्कळ भांडले. शेजारी बसते, पट्टी मी सांभाळते, म्हटलं. साहेब म्हणाले, केंद्र बंद पडलं का, म्हणून लोकांचे फोन आलेत, हा आठवडा पुरा होऊ दे, पुढे नकोच.

शनिवारी त्यांचा शेवटचा तास झाला. अंजनवेलच्या आईचं गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. माझं बोट पट्टीवर आणि त्यांची नजर माझ्या बोटावर. चार वाजता ते जाकीट सारखं करत जिन्याशी आले.

"कुणीतरी तक्रार केली, ताई. साहेब नाव सांगत नाहीत. आमची बहीण बोलते, 'त्या रेडिओवाल्या बायवर माझा संशय हाय.' मी तिला झापलं. म्हटलं, ती बाय माझ्यासाठी साहेबांशी भांडली."

मी अगदी समोर उभी होते. माझे ओठ त्यांना सहज वाचता आले असते. मी नुसती मान हलवली.

पुढे ते पनवेलला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले, असं त्यांच्या बहिणीकडून कळलं. तीनचा तास आता मी चालवते.

त्यांना खरं सांगितलंच नाही, असं मात्र नाही. त्या शनिवारी ते वळून जिना उतरू लागले. चार पायऱ्या खाली गेल्यावर मी चांगली मोठ्याने म्हणाले, "चाचा, तक्रार मी केली होती." त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते तसेच सावकाश उतरत राहिले. म्हणून तर मी तेव्हा म्हणाले.