काटा जागेवर, आकडा खाली

सहकारी साखर कारखान्यात गहिनीनाथ बावीस वर्षं गेज आणि मीटर दुरुस्त करत होता. २०१५च्या दुष्काळात गाळपाला जेमतेम महिनाभराचा ऊस उरला होता आणि चारा छावण्या तोही मागत होत्या. बॉयलर दसऱ्याआधी चाचणीत टिकला नाही तर ऊस छावण्यांना आणि कामगार घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बॉयलरमध्ये टँकरचं पाणी भरून पंपानं दाब चढवला. साडेएकतीस किलोवर तो अर्धा तास टिकायला हवा होता. जुन्या गेजचा काटा अडकायचा, फिटर पान्यानं टिचक्या मारून तो वाचत. म्हणून गहिनीनाथनं शेजारी सेन्सर बसवला होता. दाब वाढला की त्यातून येणारं व्होल्टेज वाढतं आणि तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर त्याचा आकडा करून पडद्यावर दाखवतो.

सुरुवातीला पडद्यावर ७४७ होते. अर्ध्या तासानं ७१६. म्हणजे दीड किलो दाब गेला होता. काटा मात्र हलला नव्हता.

"काटा बघ की," चीफ इंजिनिअर मोहनराव म्हणाले. "तुझी वायरच तुटली असंल."

"तुटली असती तर शून्य आला असता, साहेब. दाब नसला तरी हा अर्धा व्होल्ट देतो, त्याचे १०२ येतात."

भट्टीवरचा फायरमन रामकिसन गहिनीनाथचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "गहिन्या, ह्या खेळण्यापायी चारशे माणसं घरी बसवतो का बे?"

"आन् नळी फुटल्यावर भट्टीम्होरं कोण असंल? तूच न्हवं?"

"माजं मी बगतो. तू कावून मधी पडतो?"

वीज कमी मिळत असेल म्हणून गहिनीनाथनं सेन्सरचा अॅडॉप्टर बदलला, दाब पुन्हा चढवून घेतला. आकडा पुन्हा उतरला. चाचणीच्या वहीत त्यानं काट्याचं वाचन लिहिलं, त्याखाली आपलं लिहिलं आणि सही केली. ते वाचून मोहनरावांनी सही न करताच पेन खिशात ठेवलं.

ऊस छावण्यांना गेला.

दिवाळीनंतर दुरुस्तीसाठी बॉयलरच्या नळ्या कापल्या. विटांच्या भिंतीमागच्या सहा नळ्या आतून कागदासारख्या झिजल्या होत्या, एकीला सुईएवढं भोक होतं. तो तुकडा पिशवीत घालून गहिनीनाथ एसटीनं रामकिसनच्या गावी, युसूफ वडगावला गेला. त्याच्या दाराला कुलूप होतं.

"गेले की ऊसतोडीला, नवराबायको दोगंबी," शेजारच्या साखराबाई म्हणाल्या. "त्या कारखान्यातल्या एकानं लई वाटोळं केलं त्यांचं. तुमी कोन?"

त्यानं नाव सांगितलं. साखराबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं आणि दार लोटून घेतलं.