दार धरून उभ्या राहणाऱ्या ताई

प्रमिलाताई गेल्याचं मला कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये कळलं. सांगणाऱ्या वकिलानं पुढच्याच दमात विचारलं, "मग आज काम बंद राहील का?" संध्याकाळी बाररूममध्ये शोकसभा झाली. ज्यांनी आयुष्यभर 'पोरांची वकिलीणबाई' म्हणून त्यांची टिंगल केली, तेच त्यांच्या ममतेवर गहिवरून बोलले. ममता कसली? ताई संतापलेल्या बाई होत्या. निदान मेल्यावर तरी त्यांचा संताप त्यांच्याकडे राहू द्या...

मी त्यांची ज्युनिअर. सत्तरच्या दशकात रेखा नावाची नऊ वर्षांची एक पोरकी मुलगी रामटेककडच्या मामाच्या घरून पळाली, स्टेशनवर सापडली आणि रिमांड होममध्ये आली. काही दिवसांनी मामा तिला न्यायला आला. लांबून आलेला माणूस, म्हणून बालन्यायालयात त्याला बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. पोर उभीच होती. मामाच्या वकिलानं तिला त्याच्यासमोरच अगदी लाडानं विचारलं, मामाकडं जाशील न? तिनं मान डोलावली. ताई दुसऱ्या कामासाठी तिथं बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, मामाला बाहेर पाठवा आणि मग विचारा. तर तो वकील हसला. "घरचा माणूस आहे बाई. त्याले बाहेर काढनं बरं दिसते का?"

बरं दिसावं म्हणून पोर परत गेली. महिनाभरात ती सरकारी दवाखान्यात होती. मामानं लाकडानं मारून तिचा हात मोडला होता. ताई मला घेऊन तिथं गेल्या, तिच्या खाटेवर बसल्या, बराच वेळ तिच्याशी इकडचं तिकडचं बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू त्या दिवशी हो काहून म्हटलं वं?"

"मामा तिथंच बसून होता न," रेखा म्हणाली.

रेखा पुन्हा त्या घरी गेली नाही, एवढं ताईंनी भांडून साधलं. दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांनी वकिलांचा वर्ग सुरू केला, तोही रिमांड होमच्या व्हरांड्यात. वकिलांना सतरंजीवर बसवायच्या, स्वतः काळा कोट घालून समोर उभ्या राहायच्या आणि एकेकाला मोठ्या आवाजात विचारायच्या, लहानपणी घरात तुम्हाला कोणाची भीती वाटायची? नाव सांगा, इथंच, सगळ्यांसमोर. कोणी खाली बघायचं, कोणी खोकायचं. एक नावाजलेले वकील तर तणतणत उठून गेले आणि पुढं कित्येक दिवस ताईंना अद्दल घडवायच्या गोष्टी करत राहिले. ताई उरलेल्यांना म्हणायच्या, तुमची जीभ उचलत नाही आणि नऊ वर्षांच्या पोरीनं बोलावं? मग शिकवायच्या ते एवढंच. नातेवाइकाशी वाद घालत बसू नका. उठा, दार उघडा, ते धरून उभे राहा. तो बाहेर जाईपर्यंत पोराला काहीही विचारू नका.

वर्गाला येणारे हळूहळू कमी झाले. शोकसभेत अध्यक्षस्थानी होते ते रेखाच्या मामाचे तेच वकील. 'त्यांचा वारसा आपण पुढे नेऊ,' असं म्हणाले. माझ्या हातात कप असता तर मी तो भिंतीवर आपटला असता.

परवा एका मुलीच्या कामात तेच समोर होते. सावत्र बाप खुर्चीवर, पुढ्यात चहा, पोर उभी. त्यांनी घसा साफ करून लाडाचा आवाज काढला. मी उठले, दार उघडलं आणि धरून उभी राहिले. ते म्हणाले, अहो, बरं दिसत नाही हे. मी दार सोडलं नाही. शेवटी मॅजिस्ट्रेटसाहेबांनीच त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं. अर्धा चहा टाकून तो गेला.

मी दार लावलं. पोर दाराकडेच बघत होती. मग तिनं मला विचारलं,

"कडी लावता काय, बाई?"